डी अँझातून बर्कली: मेजर आधी, नाव नंतर

पत्र

ताई, आम्ही सनीव्हेलला राहतो. मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. बारावीत असताना यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) सहा कॅम्पसना अर्ज केले. मर्सेड आणि रिव्हरसाइड सोडून सगळीकडून नकार आला, आणि तिथे तिला जायचं नव्हतं. शेवटी डी अँझा कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) घातलं. एक वर्ष झालं, जीपीए (चारपैकी सरासरी गुण) ३.८ आहे. आता ट्रान्सफरचा, म्हणजे तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाण्याचा अर्ज करायचाय. आम्हाला बर्कलीचं कॉम्प्युटर सायन्स हवंय, दुसरं काही नको. पहिल्या क्वार्टरला (तिमाही सत्राला) फिजिक्स झेपेना म्हणून तिने मध्येच सोडलं, तो 'डब्ल्यू' (कोर्स सोडल्याची नोंद) ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर आहे (नंतर परत घेऊन ए मिळवला). तो दाखवावाच लागतो का? इंग्रजीचा दुसरा कोर्स ती शेवटी करणार म्हणते. एक कन्सल्टंट निबंधांसकट सगळं करून देतो म्हणतोय, साडेतीन हजार डॉलर. मी स्वतःही एक मसुदा लिहून ठेवलाय, माझे वडील कोकणातून मुंबईला येऊन कसे शिकले त्यावर. स्टॅनफर्ड, कॉर्नेललाही अर्ज करावा का? आणि खरं सांगू, मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं तर मी 'कॉलेजला आहे' एवढंच म्हणते आणि विषय बदलते. ती मात्र मजेत असते. तिथल्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवते आणि रात्री जेवताना त्याच गप्पा मारते.

एक आई, सनीव्हेल

उत्तर

ताई, बर्कलीबद्दल, निबंधांबद्दल, गणपतीतल्या त्या प्रश्नाबद्दल सगळं बोलू, पण आधी तारीख. सप्टेंबर हा टॅगचा महिना आहे आणि तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात हा शब्द एकदाही आलेला नाही, म्हणून मला धास्ती वाटली.

टॅग म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना यूसीचे सहा कॅम्पस जवळजवळ लेखी हमी देतात: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. त्यांनी सांगितलेले कोर्स आणि जीपीए पूर्ण केला की जागा पक्की. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो यात नाहीत. अर्ज १ ते ३० सप्टेंबर एवढ्यातच, यूसीच्या ट्रान्सफर प्लॅनरवरून भरायचा, आणि तोही एकाच कॅम्पसचा. पुढे यूसीचा नेहमीचा अर्ज भरताना त्या कॅम्पसला तोच मेजर (मुख्य विषय) द्यायचा, नाहीतर हमी जाते. टॅग घेतला म्हणून तिथेच जायची सक्ती नाही. बर्कलीचा अर्ज तसाच करता येतो. म्हणजे 'फक्त बर्कली' असा हट्ट धरायचा असेल, तर तो धरायची मुभा टॅगमुळेच मिळते. हे पत्र वाचाल तेव्हा महिना संपायला फार दिवस नसतील. कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरमधल्या कौन्सेलरची वेळ आजच घ्यायला सांगा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती मिळणं कठीण असतं.

इंग्रजीचा दुसरा कोर्सही याच भेटीत मार्गी लावा. यूसीला ज्युनिअर (तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी) म्हणून जायचं तर ६० सेमिस्टर युनिट लागतात, डी अँझाच्या क्वार्टरच्या हिशेबात ९०. त्यात इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स आणि गणिताचा एक हे असलेच पाहिजेत. सगळं जुळलं आणि एक इंग्रजी राहिलं म्हणून दार बंद झालं, असं होऊ शकतं. आणि स्प्रिंगवर, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या क्वार्टरवर ढकललेला कोर्स स्प्रिंगमध्ये भरलेला निघाला तर मग धावाधाव. फॉल नाहीतर विंटर, यात तो उरकून टाकावा.

आता कम्युनिटी कॉलेजबद्दल. तुम्हाला जे लपवावंसं वाटतं, ती या राज्याने मुद्दाम बांधलेली वाट आहे. १९६० च्या मास्टर प्लॅनमध्येच ठरलं, की दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून मुलांनी विद्यापीठात यायचं आणि विद्यापीठाने त्यांच्यासाठी जागा राखायच्या. दोन फ्रेशमनमागे (शाळेतून थेट पहिल्या वर्षाला येणाऱ्यांमागे) एक ट्रान्सफर, हे यूसीचं आजही जाहीर उद्दिष्ट आहे, आणि हे ट्रान्सफर बहुतांशी कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांतूनच येतात. यूसीएलएला शाळेतून थेट अर्ज करणाऱ्या शंभरातल्या जेमतेम नऊ जणांना घेतात, ट्रान्सफरवाल्यांत साधारण चारांत एकाला. स्टीव्ह वॉझ्नियाक डी अँझात शिकून बर्कलीला गेला होता, अ‍ॅपल त्यानंतरचं. आणि पैशांचं म्हणाल तर डी अँझात युनिटला ३१ डॉलर, म्हणजे ९० युनिटांचे २,७९० डॉलर, किरकोळ फी आणि पुस्तकं वेगळी. यूसीत राज्यातल्या मुलांनाही वर्षाला १४ हजारांच्या वर पडतात, राहणं-खाणं सोडून. गणपतीत विचारणाऱ्या काकूंच्या घरात पहिल्या दोन वर्षांचे किती गेले, ते त्यांनाच विचारा एकदा.

भारतातून थेट एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर अशा कॉलेजात आलेल्या मुलांचे आईवडीलही हे सदर वाचतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. टॅग तुमच्या मुलांनाही मिळतो. पण यूसीत त्यांना बाहेरच्यांची जादा फी लागते. २०२४-२५ मध्ये ती ३४,२०० डॉलर होती, मूळ फीवर. चार वर्षं इथे राहिलं की आपोआप रहिवासी धरतात असा समज पसरलेला आहे, एफ-१ वाल्यांना सहसा तसं धरत नाहीत. पैशांचा अंदाज तिसऱ्या वर्षाच्या दारात उभं राहून नका काढू.

परत तुमच्याकडे येते. 'आम्हाला बर्कलीचं कॉम्प्युटर सायन्स हवंय.' या 'आम्हाला' मध्ये ती आहे का? तुमच्या पत्रात तिच्याबद्दलचं एकच उत्साहाचं वाक्य आहे आणि ते स्टॅटिस्टिक्सचं आहे. कॉम्प्युटर सायन्स तिला आवडतं असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. कदाचित आवडतही असेल, तुम्हाला लिहायचं राहिलं असेल. पण ट्रान्सफरच्या अर्जात हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण इथे मेजरवरच सगळं उभं असतं. फ्रेशमन अर्जाच्या वेळी पोरगं सतरा वर्षांचं असतं, विषयाबद्दल गोंधळलेलं असलं तरी चालतं. ट्रान्सफर करणारा तिसऱ्या वर्षाला येतो, येताच त्याला त्या विषयाचे वरचे कोर्स घ्यायचे असतात. म्हणून वाचणारा एवढंच बघतो: या मेजरसाठी लागणारे पहिल्या दोन वर्षांचे कोर्स झालेत का, आणि कसे झालेत. शाळेतले मार्क, एसएटी ही प्रवेश परीक्षा, बारावीतले ते चार नकार, यातलं काहीही यूसी आता बघत नाही. तो भाग तुमच्या डोक्यातून जायला वेळ लागेल, मला माहीत आहे.

चारांत एक हा आकडा पूर्ण यूसीएलएचा आहे, हेही ध्यानात घ्या. कॉम्प्युटर सायन्सचं दार त्या सरासरीपेक्षा कितीतरी अरुंद आहे, बर्कलीतही. मेजरनुसार किती अर्ज आले, किती घेतले, घेतलेल्यांचा जीपीए कुठून कुठपर्यंत होता, हे यूसी स्वतःच्या संकेतस्थळावर देते. एक संध्याकाळ तिघांनी बसून ते कोष्टक बघा. ३.८ हा चांगला जीपीए आहे, पण कॉम्प्युटर सायन्सच्या रांगेत ३.८ वाले ढिगाने असतात. 'आत्ता सोप्या मेजरला शिरू, आत गेल्यावर बदलू' हा सल्ला तुम्हाला मंडळात कोणीतरी देणारच. बर्कलीत कॉम्प्युटर सायन्सला तो धरून चालू नका. त्या मेजरला प्रवेश अर्जातूनच द्यायचा, असं आता त्यांचं धोरण आहे.

मग कोर्स कुठले? असिस्ट नावाचं राज्याचं अधिकृत संकेतस्थळ आहे. डावीकडे कॅम्पसचा कोर्स, उजवीकडे तुमच्या कॉलेजातला त्याच्या जोडीचा. डी अँझा, बर्कली आणि मेजर निवडला की यादी समोर येते. ती तिने छापून घ्यावी आणि झालेल्या कोर्सवर पेनाने खूण करावी. दोन ठिकाणी मुलं अडखळतात. एक, काही ओळींसमोर 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं लिहिलेलं असतं, म्हणजे तुमच्या कॉलेजात त्याला जोडीचा कोर्सच नाही. ते पाहून घाबरायचं कारण नाही. तो जवळच्या दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजात मिळतो का, हे कौन्सेलरला विचारायचं. दुसरी गोष्ट क्वार्टरची. डी अँझात कॅल्क्युलस १ए, १बी, १सी, १डी अशा चार तुकड्यांत येतं. बर्कली चालते सेमिस्टरवर. तिथल्या एका कोर्सची बरोबरी व्हायला इथले दोन-तीन तुकडे लागू शकतात, आणि मधला एक राहिला तर बरोबरी होतच नाही. उन्हाळ्यात एक तुकडा दुसऱ्याच कॉलेजात घेतला, त्यांची विभागणी वेगळी निघाली आणि सगळी साखळी विस्कटली, हे होतं. सुरू केलेली मालिका शक्यतो एकाच ठिकाणी पुरी करावी.

हे सांगताना माझ्या मनात काय आहे ते उघडच आहे. कॉम्प्युटर सायन्स आणि स्टॅटिस्टिक्स या दोन्हींना लागणारं गणित बरंचसं एकच आहे: कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा. तिने आतापर्यंत केलेलं काहीही वाया जात नाही. सांता बार्बरात कॉम्प्युटर सायन्स इंजिनीअरिंग कॉलेजात आहे, तिथे टॅग चालत नाही. स्टॅटिस्टिक्स अँड डेटा सायन्स हा मेजर तिथल्या लेटर्स अँड सायन्स कॉलेजात आहे, तिथे टॅगचा रस्ता खुला असतो. यंदाच्या अटी मात्र टॅगच्या तक्त्यात पाहून घ्या, त्या दरवर्षी थोड्या हलतात. बर्कलीत स्टॅटिस्टिक्सलाही गर्दी आहे, मी तुम्हाला चोरवाट दाखवत नाहीये. पण जी मुलगी दिवसभर इतरांना हा विषय शिकवून घरी आल्यावर जेवतानाही त्यावरच बोलते, तिचा अर्ज त्या मेजरला भक्कम होतो. कॉम्प्युटर सायन्सला तीच मुलगी गर्दीतली एक. ठरवू दे तिला. तुम्ही फक्त विचारा, आणि तिने उत्तर दिल्यावर 'पण नोकऱ्या?' हे लगेच म्हणू नका. नोकऱ्यांचं उत्तर तिच्याकडे असणार.

डब्ल्यू दाखवायचा. घेतलेला प्रत्येक कोर्स, प्रत्येक कॉलेज, सोडलेलं, नापास झालेलं, सगळं अर्जात जसंच्या तसं भरायचं असतं. यूसी पुढे ट्रान्सक्रिप्ट मागवून ताडून बघते, आणि लपवलेलं सापडलं तर मिळालेला प्रवेश रद्द होतो. शिवाय लपवण्यासारखं आहे तरी काय? डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत. एकच डब्ल्यू, आणि त्याच विषयात नंतर ए. अर्जात शैक्षणिक माहितीसोबत जादा खुलाशाची जागा असते, तिथे दोन वाक्यं पुरतात: पहिल्या क्वार्टरला एवढे कोर्स एकदम घेतले, फिजिक्स सोडलं, पुन्हा घेऊन ए मिळवला. त्याखाली रडगाणं नको.

निबंधांना यूसी निबंध म्हणतही नाही. आठ प्रश्न, त्यातल्या चारांची उत्तरं, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. ट्रान्सफरवाल्यांना एक प्रश्न सक्तीचा आहे: निवडलेल्या मेजरची तू काय तयारी केली आहेस आणि वरच्या वर्षांचे कोर्स तुला झेपतील हे कशावरून? उरलेल्या सातांतले कुठलेही तीन. शिफारसपत्रं सहसा मागत नाहीत, त्यामुळे तिचा आवाज ऐकू येण्याची जागा एवढीच.

तुमच्या वडिलांची गोष्ट मी मसुदा न वाचताही ऐकायला उत्सुक आहे. पण प्रवेश त्यांना नकोय. तो मसुदा जपून ठेवा, तिच्या मुलांना वाचायला द्या, अर्जात घालू नका. कोकणातल्या आजोबांवर ३५० शब्द गेले की वाचणाऱ्याला आजोबा कळतात, नात कळत नाही. आपल्या घरांतून येणाऱ्या अर्जांत हे फार असतं. त्याग, कष्ट, मूल्यं, आणि अर्जदार कुठेच नाही.

त्यापेक्षा तिच्या ट्यूटरिंगकडे बघा. समजा तिच्यासमोर एक मुलगा बसलाय, पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगानेही एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०४ आली म्हणजे आपलं म्हणणं ९६ टक्के खरं, असं ठाम धरून. पाठ्यपुस्तकातली व्याख्या तिने तीनदा वाचून दाखवली, तो मान हलवतो आणि गणित पुन्हा तसंच सोडवतो. मग तिने काय केलं? खिशातलं नाणं काढलं? उलटा प्रश्न विचारला? आणि ते करताना तिला स्वतःला काय नव्याने कळलं? हे तिने लिहिलं तर सक्तीच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप होतं. विषय समजलाय, आणि इतका समजलाय की चुकीची समजूत नेमकी कुठे अडकते तेही दिसतं. 'मला लहानपणापासून संख्यांची आवड आहे' या वाक्याने सुरू होणारी उत्तरं वाचून वाचणाऱ्यांचे डोळे थकलेले असतात. तिला सांगा, पहिल्याच ओळीत काहीतरी घडू दे. इंग्रजी साधं चालेल, साधंच हवं. साहित्यिक सौंदर्याला इथे कोणी मार्क देत नाही.

म्हणूनच कन्सल्टंट नको. 'निबंधांसकट सगळं करून देतो' म्हणणारा माणूस साडेतीन हजार घेऊन तिच्या जागी दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज बसवणार, आणि अर्जावर 'हे माझंच लेखन आहे' अशी सही मात्र तिची. यूसी उत्तरं नकलेसाठी तपासते. हाच कन्सल्टंट तेच ठोकळे दहा घरांत विकत असेल तर अडकणार कोण? टॅग, असिस्ट, कोर्सची आखणी, हे सगळं कॉलेजातले कौन्सेलर फुकट करतात, आणि यूसीच्या कॅम्पसचे प्रतिनिधीही कम्युनिटी कॉलेजात येऊन मुलांना भेटतात. त्यांच्यापुढे ती स्वतः बसू दे, तुम्ही गाडीत थांबा.

स्टॅनफर्ड ट्रान्सफरला फार थोड्यांना घेतं, शंभरात दोनेक. हार्वर्डचंही तसंच. प्रिन्स्टनने तर १९९० पासून ट्रान्सफर घेणंच बंद केलं होतं, २०१८ मध्ये पुन्हा सुरू केलं, तेही मोजक्यांसाठी. कॉर्नेल त्या मानाने बरेच घेतं. पण या खासगी विद्यापीठांना शाळेचं ट्रान्सक्रिप्ट, प्राध्यापकांची पत्रं, चालू टर्मचा अहवाल असं बरंच काही लागतं, आणि तुमचे झालेले कोर्स ते किती मान्य करतील हे बहुधा प्रवेश मिळाल्यावरच नीट कळतं. असिस्टसारखी खात्री तिथे नाही. त्यांच्या तारखा बहुतेक मार्चच्या आसपास असतात, तेव्हा यूसीचं काम संपल्यावर जीव उरला असेल तर एखादा अर्ज करावा. 'स्टॅनफर्डलाही टाकलाय' असं गणपतीत सांगता यावं एवढ्यासाठी नको.

यूसीचा अर्ज १ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत जातो, दर कॅम्पसला ८० डॉलर. शेवटच्या रात्री संकेतस्थळ कुंथतं, थँक्सगिव्हिंगच्या आधी पाठवून मोकळं व्हा. मग लोक हुश्श करतात आणि जानेवारी विसरतात. जानेवारीत फॉलचे मार्क आणि पुढच्या दोन क्वार्टरचे कोर्स पुन्हा कळवायचे असतात, मुदत ३१ जानेवारी. त्यानंतर एखादा कोर्स सोडला, बदलला, सी च्या खाली गेला, तर ते कॅम्पसला लगेच कळवायचं. प्रवेश मिळूनही जून-जुलैत रद्द होण्याची कारणं बहुतेक इथलीच असतात. कुठेतरी हमी मिळालीय म्हणून स्प्रिंग क्वार्टर सैल सोडण्याची चैन ट्रान्सफरवाल्यांना नसते.

निकाल साधारण एप्रिलअखेरपर्यंत येतात, उत्तर द्यायला १ जूनपर्यंत मुदत असते. मेमध्ये हातात सांता बार्बराचं स्टॅटिस्टिक्स आणि बर्कलीचंही काही असेल, आणि घरात त्यावरून वाद चालू असेल, तर मला जरूर लिहा. ते पत्र मात्र तिने लिहिलेलं असू दे. मराठी अडखळत असेल तर इंग्रजीतही चालेल.